डॉक्टरांनी विचारलं तेव्हा

हडको, छत्रपती संभाजीनगर
७ जुलै २०२५

विहीणबाई द्वारकाबाईंना अनसूयेचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मेसेज तुमच्या घरात चार जण वाचतात, म्हणून हे पत्र. आमच्या गल्लीतले धम्मपाल सर तुमच्या वेरूळच्या शाळेत रोज अपडाऊन करतात, त्यांच्या हाती देते आहे. उत्तरही त्यांच्याकडेच द्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे पेन हातात असल्याशिवाय मला धड सांगताही येत नाही.

येत्या रविवारी तुम्ही सायलीला बाळंतपणासाठी न्यायला येणार आहात. कृपा करून येऊ नका. बाळंतपण इथेच, शहरात करायचं आम्ही ठरवलं आहे. रस्ता खणून ठेवलेला, पावसाचे दिवस, वेळेला गाडी मिळेल न मिळेल. इथे दवाखाने जवळ आहेत. शिवराजची वाळूजला शिफ्ट असली तरी तासाभरात तो घरी पोचतो.

सायलीची तब्येत उत्तम आहे. मनात काही आणू नका.

आपली,
अनसूया


वेरूळ
९ जुलै २०२५

अनसूयाबाईंना द्वारकेचा नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर अगदी छापल्यासारखं आहे. वाचताना मला माझी शाळा आठवली, म्हणजे शाळेत खाल्लेला मार आठवला.

मनात काही आणू नका म्हणता, पण आणायला जागा ठेवलीत कुठं? रस्ता खणलेला आहे हे मलाही दिसतं. त्याच रस्त्यानं तुमचं वऱ्हाड आलं होतं आणि त्याच रस्त्यानं आमची पोर तुमच्याकडं गेली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे मी शिक्षिकाबाईंना शिकवायचं का? मागची खोली रंगवून घेतली. डिंक, खारीक, अळीव आणून ठेवलं. घरच्या म्हशीच्या तुपाचा डबा भरलाय. शेजारची भागूबाई रोज विचारते, "कवा येती गं पोर?" तिला काय सांगू? विहिणीला आमचं घर पसंत नाही म्हणून सांगू?

आता लिहायलाच बसले तर मनातलं लिहून टाकते. दिवाळसणाला शिवराजरावांना तेल-उटणं लावायला पाटावर बसवलं. सगळ्या बाया हसत होत्या, मी तेलाची वाटी घेऊन उभी आणि जावयांनी बनियनसुद्धा काढलं नाही. वरूनच तेल लावून घेतलं आणि न्हाणीत जाऊन कडी लावली. बाया मला म्हणाल्या, जावई लई शिष्ट दिसतो. मी हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून मला वाटतं, तुम्हा लोकांना आमचं घर परकंच आहे.

पोर तुमची आहे, ठेवून घ्या. पण खरं कारण सांगा.

द्वारका


हडको
११ जुलै २०२५

द्वारकाबाई,

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं. खोटी कारणं दिली, माफ करा. खरं सांगण्याचा धीर होत नव्हता.

मागच्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात काहीतरी दिसलं. म्हणून लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. पोटावरूनच बाळाच्या हृदयाची तपासणी केली. तीन गाठी आहेत. दोन हरभऱ्याच्या डाळीएवढ्या आणि एक भुईमुगाच्या दाण्याएवढी.

घाबरू नका. मीही खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम झाले होते, पण डॉक्टर भला माणूस. कागदावर हृदय काढून समजावलं. म्हणाले, गाठ म्हटलं की कॅन्सर असं नसतं. हृदयातल्या बऱ्याचशा गाठी साध्याच असतात; पण साध्या म्हणजे दुर्लक्ष करण्यासारख्या नव्हेत. जागा वाईट असली तर साधी गाठही रक्ताची वाट अडवते, ठोके बिघडवते. मोठ्या माणसांत बहुधा जेलीसारखी मऊ, देठावर लोंबणारी गाठ सापडते, ती ऑपरेशन करून काढावी लागते. मुलांमध्ये एक टणक जात असते, ती एकटीच असते आणि विरत नाही. आणि एक जात हृदयाच्या स्नायूचीच, एकापेक्षा जास्त येणारी. ती पोटात वाढते आणि जन्मल्यावर हळूहळू आपली आपण लहान होते. आपल्या बाळाच्या गाठी ह्या शेवटच्या जातीच्या दिसतात. जन्मतेवेळी ठोके बिघडले तर लगेच इलाज करता यावा, एवढ्यासाठीच बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं.

दोन्ही घरांत कुणाला फिट येते का, अंगावर जन्मापासूनचे पांढरे चट्टे आहेत का, असंही विचारलं. आमच्याकडे तसं काही नाही, असं मी सांगितलं. तुमच्याकडचं तुम्ही कळवा.

शिवराज शिष्ट नाही हो. लहानपणापासून लाजाळू आहे.

अनसूया


वेरूळ
१४ जुलै २०२५

अनसूयाबाई,

सर पत्र देऊन गेले तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. वाचता वाचता तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. माझ्या मागच्या पत्रातलं सगळं टोचून बोललेलं परत घेते. पोर तुमच्याकडंच राहू द्या. डिंकाचे लाडू आणि तूप सरांच्या डिकीत ठेवलंय, उतरवून घ्या.

आमचे हे पत्र दोनदा वाचायला लावून म्हणाले, "गाठ कॅन्सरची नाय, मग भ्यायचं कशाला? आन् भ्यायचं नाय, तर मग मोठा दवाखाना कशाला?" रात्रंदिवस मीही तेच विचारते आहे.

तुम्ही विचारलेलं सगळीकडं खोदून खोदून विचारलं. माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांचा असताना तापात एकदाच फिट आली होती, पुन्हा कधी नाही. हे डॉक्टरांना जरूर सांगा, लपवू नका, आमच्या घरावर बोल आला तरी चालेल. पांढरे चट्टे कुणालाच नाहीत. ते तर लग्न ठरवताना आम्हीच तुम्हाला विचारलं होतं, आठवतं ना? आमच्याकडं कोडाचा फार बाऊ करतात. तुम्ही देवघराकडं हात करून नाही म्हणाला होतात.

काळजाला काळजी खाते आहे. दर आठवड्याला दोन ओळी तरी पाठवत जा.

द्वारका


हडको
२९ सप्टेंबर २०२५

द्वारकाबाई,

तुम्ही दवाखान्यात आठ दिवस राहून गेलात, तेव्हा सगळं डोळ्यांनी बघितलंच आहे. तुम्ही गेल्यानंतरचं लिहिते. श्रेयाच्या हृदयाचे ठोके आता सुरळीत आहेत. औषध चालू आहे. परवा डिस्चार्ज दिला. काचेच्या पेटीतून बाहेर आल्यावर पोरीनं पहिलं काम काय केलं असेल तर माझ्या चष्म्याची काडी धरली. नाक तुमच्याकडचं आहे, हे मी मोठ्या मनानं कबूल करते.

मोठी गाठ आत्ताच थोडी आक्रसली आहे. डॉक्टर म्हणाले तसंच होतंय. गाठी विरणार, द्वारकाबाई. ऑपरेशन नको, काही नको.

भाऊबीज झाली की मायलेकींना तुमच्याकडे घेऊन जा. बाळंतपण हुकलं, निदान बाळंतिणीचे लाड तरी करा. नोव्हेंबरच्या तपासणीला शिवराज येऊन घेऊन जाईल.

अनसूया


वेरूळ
२ डिसेंबर २०२५

अनसूयाबाई,

शिवराजरावांनी तपासणीहून परत आणून सोडलं तेव्हा सायली अंगणातूनच ओरडली, "आई, एक गाठ दिसतच नाय! बाकीच्या निम्म्या झाल्या!" मला एवढं लांबचं सहसा ऐकू येत नाही, पण हे आलं. आमच्या ह्यांनी घृष्णेश्वराला जाऊन अभिषेक केला. मी भागूबाईच्या गळ्यात पडून रडले. तिला कारण ठाऊक नाही, तरी तीही रडली.

श्रेया आता हुंकार देते. आजोबांच्या मिशा बघून हसते. माझी एक विनंती आहे. इथं तिला मानवलंय, तर संक्रांत करूनच पाठवू का? बोरन्हाण आमच्या हातून होऊ द्या. मात्र मधे डॉक्टरांची काही तारीख असली तर कळवा. सायली म्हणते कागद तुमच्याकडं आहेत.

द्वारका


हडको
४ डिसेंबर २०२५

द्वारकाबाई,

खुशाल ठेवून घ्या. बोरन्हाण थाटात करा, हलव्याचे दागिने मी इथून करून पाठवते. हृदयाची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. मधे काही नाही.

अनसूया


वेरूळ
२० जानेवारी २०२६

अनसूयाबाई,

तुम्ही आला नाहीत त्याचा राग आहे, पण गुडघ्याचं कारण खरं धरून चालते. बोरन्हाण काल झालं. काळ्या झबल्यावर तुमचे हलव्याचे दागिने असे शोभले की सगळ्या बाया तुमच्या हाताचं कौतुक करत होत्या. बोरं, चुरमुरे, गोळ्या, ऊस, सगळं डोक्यावरून ओतलं. वस्तीवरच्या पोरांनी लूट केली.

आणि एक गंमत सांगते. तुमची नात लई संस्कारी निघाली. संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधीपासून तिनं एक नवीन शिकलंय. झोपेतून उठली की मान खाली टाकते, दोन्ही हात पुढं पसरते आणि कमरेत वाकते, अगदी नमस्कार घालते तशी. एक झाला की क्षणभर थांबते आणि दुसरा. असे सात-आठ लागोपाठ. काल बोरन्हाणाच्या पाटावर डुलकी लागली होती, गलक्यानं जागी झाली आणि बायांच्या घोळक्यात तिनं नमस्कार सुरू केले. त्यांतली आशाबाई म्हणाली, "आगं, आजी मास्तरीण हाय, पोटातनंच शिकून आली!" सगळ्यांनी तिला उलट हात जोडले. मी तर दृष्ट काढली.

नमस्कार झाले की मात्र जरा रडते आणि हसायची कमी झालीय. दात येत असतील.

द्वारका


दवाखान्यातून, छत्रपती संभाजीनगर
२२ जानेवारी २०२६

द्वारकाबाई,

काल दुपारी शिवराज गाडी घेऊन अचानक आला आणि सायलीला, बाळाला घेऊन गेला. तुम्हाला धड कोणी काही सांगितलं नाही. तुम्ही दारात उभ्या राहून "काय झालं, काय झालं" विचारत होतात, हे सायलीनं सांगितलं. काय झालं ते मी सांगते. मीच सांगायला हवं.

श्रेयाचे ते नमस्कार नव्हते. ते मेंदूतले झटके आहेत. तान्ह्या बाळांना अशाच फिट येतात, तोंडाला फेस नाही, डोळे फिरवणं नाही, नुसतं वाकणं. तुमचं पत्र मी हसत वाचायला घेतलं आणि त्या ओळींपाशी येताच शिवराजला तुमच्याकडे धाडलं. कारण डॉक्टरांनी मला हे सप्टेंबरातच सांगितलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी सायली आत बाळाला पाजत होती, तेव्हा मला बाहेर बोलावून म्हणाले, "आजी, बाळ मान टाकून, हात पसरून लागोपाठ वाकायला लागलं तर एक दिवस थांबू नका." मी हे कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, हृदयाच्या गाठींचा आणि ह्याचा काय संबंध?

संबंध आहे. तशा गाठी असलेल्या पुष्कळ मुलांना ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा आजार असतो. हृदयातल्या विरून जातात, पण मेंदूत, कातडीवर, मूत्रपिंडात तो आपलं काम करतो. तो आईबापाकडून येऊ शकतो. जन्मापासूनचे पांढरे चट्टे ही त्याची खूण. म्हणूनच जुलैत डॉक्टरांनी विचारलं होतं.

शिवराजच्या पाठीवर उजव्या बाजूला पानाच्या आकाराचा पांढरा चट्टा आहे. एक मांडीवर आहे. जन्मापासून आहेत. आम्ही ते कोड समजलो. त्याचे वडील गेल्यावर मी त्याला कधी उघड्यानं अंगणात फिरू दिलं नाही, विहिरीवर पोहायला पाठवलं नाही. दोन स्थळं मी खरं सांगितलं म्हणून मोडली. तिसरं तुमचं होतं. तेव्हा मी देवघराकडे हात करून खोटं बोलले.

आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सायली माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. मला वाटलं, आता हो म्हटलं तर दोन तासांत तुमच्यापर्यंत पोचेल. समोर डॉक्टर होते, पण मी उत्तर तुम्हाला दिलं. खरं सांगितलं असतं तर पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला मेंदूचा आलेख काढणार होते. झटके सुरू व्हायच्या आधी कळलं असतं. मी नाही म्हणाले तरी त्यांनी खात्रीसाठी डिसेंबरची तारीख दिली होती, मेंदूच्या डॉक्टरांची. तो कागद मी कपाटात ठेवला. गाठी विरत होत्या ना. मला वाटलं, माझं खोटंही त्यांच्याबरोबर विरून जाईल.

कालपासून औषध सुरू केलंय. डॉक्टर म्हणतात, दोन आठवडे गेले, दोन महिने जाण्यापेक्षा बरं. पण बुद्धीवर किती परिणाम होईल ते आज कुणी सांगू शकत नाही. शिवराजच्याही तपासण्या करायच्या आहेत. तो माझ्याशी बोललेला नाही. मी बाहेर बाकावर बसून हे लिहिते आहे.

तुम्ही येऊन माझ्या तोंडात मारलीत तरी मी मान वर करणार नाही.

अनसूया


वेरूळ
२४ जानेवारी २०२६

अनसूयाबाई,

काल मी दवाखान्यात येऊन गेले. तुम्ही बाकावर होतात. मी तुमच्याकडं बघितलं नाही, सरळ आत गेले. तुम्ही उठून उभ्या राहिलात, ते मला दिसलं होतं.

आदल्या दिवशी तुमचं पत्र आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते उठून शेतात निघून गेले. मी मात्र तुम्हाला काय काय बोलायचं ते एसटीत पाठ करत आले होते. कोड असतं तरी मी पोर दिली असती का, हे मला खरंच माहीत नाही. कदाचित नसती दिली. पण माझ्या नातीला झटके येत होते आणि मी बायांना गोळा करून दाखवत होते, हसत होते, हे तुमच्यामुळं झालं. दृष्ट काढली मी, अनसूयाबाई. तेव्हा तिच्या डोक्यात काय चाललं असेल? हे मी तुम्हाला माफ करणार नाही. लिहूनच ठेवते, म्हणजे पुढं कधी माझं मन विरघळलं तर हा कागद उपयोगी पडेल.

श्रेयाचे झटके काल दिवसभरात तीन वेळा आले. आधी आठ-नऊ वेळा यायचे. ह्या औषधानं नजरेला त्रास होऊ शकतो, म्हणून तिच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं, असं नर्सबाईंनी सांगितलं. पोर माझ्याकडं टक लावून बघत होती, ओळखलं की नाही कळलं नाही.

मग सायलीला मी बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मान खाली घालून म्हणाली, "ठाऊक होतं आई. नवऱ्याची पाठ बायकोला दिसत नाय का? ते म्हणाले जन्मखूण हाय, मी म्हटलं असंल."

"मंग डॉक्टरनं विचारलं तवा तू तिथंच होतीस ना? का नाय बोललीस?"

ती म्हणाली, "माझ्या आधी सासूबाई बोलल्या. त्यांनी नाय म्हणून सांगितल्यावर मी मधी कशी बोलू? तूच तर लहानपणापासून शिकवलंस, मोठी माणसं बोलत असली की पोरीच्या जातीनं तोंड उघडायचं नाय. लग्नाच्या दिवशी गाडीत बसतानाबी तेच सांगितलंस."

सांगितलं होतं. हाताला धरून, रडत रडत सांगितलं होतं, आणि पोरीनं ते पाळलं म्हणून मी चार ठिकाणी तिचं कौतुकही केलं होतं. मी एसटीत पाठ केलेलं सगळं तिथंच गिळलं. बाहेर आले तेव्हा तुमच्याशी बोलणार होते, पण तशीच एसटीकडं निघाले.

मंगळवारी अकरा वाजता डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारणार आहेत, दोन्ही घरांचं. मी सायलीला सांगून ठेवलंय, ह्या वेळी तूच बोलायचं. तुम्ही या, मीही येते. पण आत फक्त सायली आणि शिवराजराव जातील. आपण दोघींनी बाहेर बसायचं, आणि आतून कुणी हाक मारली तरी उठायचं नाही.

द्वारका